साठ पौंडी धनुष्य

"घारगे ना तू? शैलाचा नवरा?"

बुटांच्या खोक्यांच्या चळतीमागून डोकं वर काढून पाहिलं, तर काउंटरपलीकडे सबनीस उभे. डोक्यावर पानांच्या नक्षीची शिकारी टोपी, अंगात तसलंच जाकीट, खाली तसलीच विजार. ऑगस्टची दुपार होती, बाहेर पार्किंगमधलं डांबर मऊ झालं होतं, आणि हा गृहस्थ आपादमस्तक झुडूप होऊन आला होता. जाकिटाच्या बाहीला किमतीची चिठ्ठी अजून लोंबत होती.

"हो," मी म्हणालो.

"अरे, मंडळात कधी दिसत नाहीस तू. शैला एकटीच येते डबा घेऊन. इथं काय करतोस?"

माझ्या छातीवर दुकानाचा बिल्ला होता आणि हातात एक बूट होता. तरी मी सांगितलं, "काम करतो."

"इथे?" त्यांनी दुकानभर नजर फिरवली. "तू इंजिनिअर होतास ना?"

"डिप्लोमा."

"हां, मग ठीक आहे."

त्याला आता एकोणीस वर्षं झाली. पण ते 'मग ठीक आहे' आजही कोणी उच्चारलं तर माझ्या कानशिलाशी गरम होतं.

विद्याधर सबनीस म्हणजे आमच्या भागातल्या महाराष्ट्र मंडळाचे तहहयात अध्यक्ष. एका विमा कंपनीच्या संगणक विभागात मोठ्या हुद्द्यावर. गणपतीत हा माणूस चाळीस मिनिटं भाषण करायचा आणि तेवढा वेळ आरतीचं तबक कोणाच्या तरी हातात निवत राहायचं. एक वर्ष ते तबक माझ्याच हातात होतं. तेव्हापासून मी मंडळात जाणं सोडलं. खरं सांगायचं तर मला न आवडणाऱ्यांची यादी तशी लांबच होती. शैला म्हणायची, "तुझ्या नजरेत कोणी भरतच नाही. एकदा आरशात बघ, तिथलं तरी कोणी भरतंय का."

शैलाला विस्कॉन्सिनमधल्या एका लहान गावच्या इस्पितळात नर्सची नोकरी लागली आणि तिच्यामागून मी आलो. कराडच्या कारखान्यात मी टूलरूममध्ये होतो. केसाच्या दहाव्या भागाइतका फरक मोजायचो आणि मोठमोठे साहेब माझ्या टेबलापाशी येऊन उभे राहायचे. इथे मला कोणी काही मोजायला सांगितलं नाही. शेवटी अर्लीन क्विस्टच्या दुकानात लागलो. धनुष्यबाणाने हरणांची शिकार करणाऱ्यांचं दुकान. तीन वर्षं मी तिथे बूट विकले, टोप्या विकल्या आणि हरिणीच्या मुताच्या बाटल्या विकल्या. हो, बाटल्या. नर हरणाला भुलवायला शिंपडतात. वडूजहून वडील फोनवर विचारायचे, "दुकानात काय विकतोस रे?" मी सांगायचो, "बूट."

दुकानाला मागे एक खोली होती. तिथे अर्लीन बाण बनवायची. लांब टेबल, नळ्या कापायची छोटी करवत, वजनाचा नाजूक काटा, पिसं चिकटवायचा साचा, आणि डिंकाचा नि धातूच्या कीसाचा वास. पहिल्यांदा त्या खोलीत पाऊल टाकलं तेव्हा मला कराड आठवलं. थेट टूलरूम. अर्लीन एकाहत्तर वर्षांची, नवरा गेलेला, बोलणं मोजकं. संधिवाताने तिची बोटं आल्याच्या कुड्यांसारखी वाकडी झाली होती. त्या वसंतात ती मला म्हणाली, "मर्ल, यंदाच्या हंगामाचे बाण तू बनव. नोव्हेंबर सरेपर्यंत तुझ्या हातून काही चुकलं नाही, तर ही खोली तुझी. मी पुढे बसेन, बूट विकेन."

मुरलीधरचं मर्ल तिनेच केलं होतं. दुसरं कोणी केलं असतं तर मी ऐकून घेतलं नसतं. पण त्या खोलीसाठी मी कुठल्याही नावाला ओ दिली असती. मला ती खोली हवी होती. त्या देशात मला दुसरं काहीच नको होतं.

खोलीचे नियम दोन. पहिला, बाणाला हात लावण्याआधी गिऱ्हाइकाचं धनुष्य काट्याला टांगून ओढायचं. ते खरंच किती पौंडांचं आहे ते बघायचं आणि मगच त्याला बाण नि पातं निवडून द्यायचं. दुसरा, आपल्या दुकानाच्या बाणाने जखमी झालेलं जनावर सापडत नसेल, तर ज्याने बाण बनवला त्याने दुकान सोडून शोधायला जायचं. कितीही वेळ लागो. हा दुसरा नियम त्या सबंध परगण्यात फक्त अर्लीनकडे होता, आणि म्हणूनच लोक तासतासभर गाडी हाकत तिच्याकडे यायचे.

त्या दुपारी अर्लीन हात दाखवायला डॉक्टरकडे गेली होती. काउंटरपाशी नेहमीचे दोन म्हातारे शेतकरी कॉफी पीत रेंगाळले होते. सबनीसांनी मोठ्या पेटीतून धनुष्य बाहेर काढलं. चाकं नि तारा असलेलं आजकालचं धनुष्य, ऑफिसातल्या कोणाकडून तरी जुनं घेतलेलं.

"साठ पौंड," ते म्हणाले आणि धनुष्याच्या दांडीवर छापलेल्या आकड्यावर बोट ठेवलं. "बघून घे."

छापलेला आकडा म्हणजे ते धनुष्य जास्तीत जास्त किती ओढ देऊ शकतं त्याचा. स्क्रू सैल केले की ओढ उतरते, आणि आधीच्या मालकाने ते किती सैल केले होते ते देवाला ठाऊक. कुठलंही शेंबडं पोर हे सांगेल. सबनीसांनी आकडा वाचला होता आणि तेवढ्यावर त्यांचं समाधान झालं होतं.

मग ते पात्यांच्या फळीकडे वळले. बाणाच्या टोकाला जे धारदार पातं बसवतात त्याचे शंभर प्रकार तिथे टांगलेले असतात, आणि जितकं निकामी तितकं चकचकीत पाकीट. सबनीसांचा हात बरोबर सगळ्यात चकचकीत पाकिटावर गेला.

"हे. दोन इंची. उघडणारी पाती."

ही पाती बाण उडताना मिटलेली असतात आणि अंगावर आदळली की छत्रीसारखी उघडतात. जखम मोठी होते. पण उघडण्यातच निम्मा जोर खर्ची पडतो. म्हणून धनुष्य दणकट लागतं आणि बाण जड. सबनीसांनी पाकिटावरचं हरीण पाहिलं, पाकिटावरची झळाळती अक्षरं पाहिली. बाणही त्यांनी सगळ्यात हलके उचलले. का, तर म्हणे वेगात जातात.

मी त्यांना सांगितलं. मुद्दाम इंग्रजीत सांगितलं, गिऱ्हाइकाला पाठ केलेलं सांगतात तसं: "सर, या पात्यांना जोर जास्त लागतो. पहिल्या हंगामासाठी आमचं दुकान पक्की, अरुंद पाती आणि जड बाण सुचवतं."

सबनीस हसले. माझ्याकडे न बघता त्या दोन शेतकऱ्यांकडे बघून हसले आणि त्यांना इंग्रजीत म्हणाले, "आमचे हे मित्र बूट विकतात. मी पणजोबांचा बाण घेऊन जंगलात जावं असं यांचं म्हणणं आहे." शेतकरी कसंनुसं हसले. मग मराठीत, खालच्या आवाजात, समजूत घातल्यासारखं मला म्हणाले, "अरे, मी चार महिने अभ्यास केलाय यावर. तू दे मी सांगतो ते."

मी धनुष्य उचलून मागच्या खोलीत गेलो. नियमाप्रमाणे काट्याला टांगलं, ओढलं, आकडा पाहिला. आणि मला हसू आलं. मनापासून, बऱ्याच दिवसांनी आलेलं हसू. बाहेर येऊन मी तो आकडा सांगितला नाही.

"उत्तम निवड आहे, सर," मी म्हणालो.

डझनभर बाण मी त्याच संध्याकाळी बनवले. कारागिरीत कसूर केली नाही. पिसं अशी बसवली की कोणी भिंग लावून बघावं. दुसऱ्या दिवशी सबनीस ते न्यायला आले आणि दुकानामागच्या सरावाच्या गल्लीत सहा बाण मारून पाहिले. दोन पाठीमागच्या गवतात गेले, दोन लाकडी चौकटीत, एक कुठे गेला ते शेवटपर्यंत कळलं नाही. सहावा लक्ष्याच्या कडेला लागला तेव्हा त्यांनी माझ्याकडे वळून अंगठा वर केला. हा काय हरीण मारणार, मी मनात म्हटलं. याच्या हातून गोठ्याची भिंत चुकेल. हा झाडावर बसेल, फोटो काढेल, खाली उतरेल, आणि पुढच्या गणपतीत शिकारीवर चाळीस मिनिटं बोलेल. फार तर बाण एखाद्या हरणाच्या बरगडीवर आपटून घरंगळेल आणि ऑफिसातल्या गोऱ्यांसमोर याची फजिती होईल. ती झालेली मला हवीच होती.

घरी शैलाला मी सगळं रंगवून सांगितलं. झुडूप, बाहीला लोंबणारी चिठ्ठी, गवतात गेलेले बाण. ती हसली. मग म्हणाली, "पण आकडा सांगून टाकायचास की."

"विचारला नाही त्यांनी."

"घारगे," ती म्हणाली. ती रागावली की मला आडनावाने हाक मारते. मी टीव्हीचा आवाज मोठा केला.

ऑक्टोबरचा तिसरा शनिवार. सकाळी नऊला दुकानाचा फोन वाजला. अर्लीनने घेतला, ऐकला, आणि ठेवताना माझ्याकडे पाहिलं.

"तुझा माणूस आहे. हरिणीला बाण लागलाय. सात वाजून दहा मिनिटांनी. सापडत नाही."

"लागला?" मी विचारलं. माझा विश्वासच बसेना.

ती खुंटीवरचं जाकीट घेऊन निघाली. दाराला 'बंद'ची पाटी लावली. गाडीच्या मागच्या बाजूला तिने आपला जुना भाता टाकला. त्यात तिचे स्वतःचे चार बाण होते, जड, अरुंद पक्क्या पात्यांचे. तिला आता धनुष्य ओढवत नसे, पण भाता ती कुठेही जाताना बरोबर घ्यायची.

शेत सबनीसांच्या ऑफिसातल्या एकाचं होतं. तो त्या दिवशी परगावी होता. कुंपणाशी सबनीस खांद्याला धनुष्य अडकवून उभे होते. टोपी नव्हती. ते महागडं जाकीट कोपरापर्यंत चिखलात माखलं होतं. आम्हाला बघून ते धावत आले.

"कुठे लागला?" अर्लीनने विचारलं.

सबनीसांनी आपला हात स्वतःच्या काखेखाली, बरगड्यांवर ठेवला. "इथे. पुढच्या पायाच्या मागे. वीस पावलांवर होती. उभी होती, आडवी."

साफ खोटं, मी मनात म्हटलं. तिथे लागलं असतं तर हरिणी पन्नास पावलांत पडली असती. याने पोटात मारलाय आणि आता जागा पुढे सरकवून दाखवतोय. अर्लीनने फक्त मान हलवली आणि जमिनीकडे बघत चालू लागली.

रक्त जवळजवळ नव्हतंच. बाण आरपार गेला तर दोन भोकं पडतात आणि माग रस्त्यासारखा दिसतो. इथे पाचदहा पावलांवर एक थेंब, तोही मक्याच्या वाळक्या पानावर, करडईच्या दाण्याएवढा. प्रत्येक थेंबाशी कागदाचा एक कपटा ठेवायचा, म्हणजे मागे वळून पाहिलं की दिशा कळते. अर्लीन पुढे थेंब शोधायची आणि सबनीस गुडघ्यांवर रांगत कपटे ठेवायचे. मी म्हटलं, "मी ठेवतो," तर म्हणाले, "नको, मला ठेवू दे." गुडघे भरून आले होते त्यांचे, पण उठेनात.

अकराच्या सुमाराला माग ओढ्याकाठच्या झुडपांत शिरला आणि हरवला. अर्लीन गोल फिरून शोधू लागली. आम्ही दोघं शेवटच्या कपट्याशी उभे राहिलो. तिचा हुकूम होता, हलायचं नाही.

"घारगे," सबनीस म्हणाले, "ती जिवंत असेल का रे?"

"असेल."

"चार तास झाले."

मी कागदाचा कपटा बुटाने सरळ केला.

"मी पाहिलं ना तिला," ते म्हणाले. "बाण लागला तेव्हा तिने मागे वळून बघितलं. कोणी हाक मारल्यासारखं." त्यांनी नाक पुसलं आणि तोंडाला चिखल लावून घेतला. "रोज सकाळी चाळीस बाण मारत होतो मी. ऑफिसच्या आधी, गॅरेजच्या मागे. एकही दिवस चुकवला नाही. गणपतीच्या दिवशीसुद्धा. म्हटलं, मारायचं तर नीट मारायचं, तडफडवायचं नाही. वीस पावलांवरून मी बशीएवढ्या गोलात सगळे बाण घालतो आता. खोटं वाटेल तुला."

मला खोटंच वाटलं. वाटून घ्यायचं होतं.

"कशाला पण?" मी विचारलं. "तुम्हाला काय कमी पडलंय? घरी वहिनी अंडंसुद्धा शिजवू देत नाहीत म्हणतात."

"नोव्हेंबर आला की ऑफिसात सोमवारी सगळे तेच बोलतात," सबनीस म्हणाले. "कोणी कुठे बसला, काय दिसलं, काय निसटलं. अठरा वर्षं मी कॉफीचा पेला घेऊन बाजूला उभा राहतो. हसतो मधूनमधून. त्यांना वाटतं मला समजतंय."

हे मला ऐकायचं नव्हतं. दुकानात म्हातारे शेतकरी जुन्या हंगामांच्या गोष्टी सांगायचे तेव्हा मीही असाच बूट हातात घेऊन हसत उभा असायचो. पण सबनीसांसारख्या माणसाशी माझं कशातही साम्य असावं याचाच मला संताप आला. मला त्यांची कीव येत होती, आणि कीव आली की मी जास्तच कडू होतो.

"मग एखादा चांगला ससा मारायचा," मी म्हणालो. "सुरुवातीला."

ते कसनुसे हसले. त्यांना तो टोमणा कळलाच नाही, का कळून गिळला, ते मला आजही सांगता येणार नाही.

दोनच्या सुमाराला अर्लीनने हात वर केला. आम्ही वाकून तिच्यापर्यंत गेलो. ओढ्याच्या पलीकडच्या उतारावर, लाल फांद्यांच्या झुडपात हरिणी बसली होती. बसली होती, मान ताठ, कान आमच्याकडे. बरगडीत बाणाचा तुकडा अडकलेला होता, श्वासाबरोबर वरखाली होत होता. सात तास ती अशीच होती.

सबनीसांच्या तोंडून 'आई गं' एवढंच बाहेर पडलं.

अर्लीनने आपल्या भात्यातून एक बाण काढून त्यांच्या हातात दिला. "आता हा लाव," ती कुजबुजली. "पहिला जिथे लागला तिथेच. घाई करू नको."

"मला नाही जमणार."

"तुलाच जमवायचंय. तुझी आहे ती."

सबनीस एका गुडघ्यावर बसले. मला वाटलं, आता हात थरथरतील, आता बाण आभाळात जाईल. त्यांनी धनुष्य ओढलं. हात स्थिर. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण हात काट्यासारखा स्थिर. एवढा स्थिर हात मी टूलरूममध्येसुद्धा फार थोड्यांचा पाहिला होता. बाण सुटला तो हरिणीच्या अंगातून आरपार गेला आणि मागच्या चिखलात पिसांपर्यंत रुतला. ती उठली, चार पावलं चालली आणि खाली बसल्यासारखी पडली. विषय संपला. तेच धनुष्य, तोच माणूस, फक्त बाण दुसरा.

अर्लीन तिच्याशेजारी बसली आणि वाकड्या बोटांनी केस बाजूला करून पहिली जखम उघडी केली. सबनीसांनी कुंपणाशी उभं राहून स्वतःच्या बरगड्यांवर दाखवली होती तीच जागा. तसूभर इकडे नाही, तसूभर तिकडे नाही. माझं उघडणारं पातं बरगडीवर आपटून उघडलं होतं आणि तिथेच अडकलं होतं. आत बोटाच्या दोन पेरांएवढंच गेलं होतं.

"यापेक्षा चांगला नेम कोणीच धरला नसता," अर्लीन म्हणाली. "मीसुद्धा नाही." मग तिने ते पातं चिमटीत धरून ओढून काढलं आणि उलटसुलट करून पाहिलं. "हे तुला कोणी दिलं?"

सबनीस पुढे झाले. "चूक माझी आहे," ते म्हणाले. "मर्लने मला दुसरी पाती घ्यायला सांगितलं होतं. जड बाणही सांगितला होता. मी ऐकलं नाही. उलट चारचौघांत त्याची चेष्टा केली. त्याचा काही दोष नाही."

अर्लीनने माझ्याकडे पाहिलं आणि मान हलवली. तिचा चेहरा सैल झाला. मला कळलं, खोली वाचली. माझे बाण सरळ होते, सल्ला दिला होता, गिऱ्हाइकाने ऐकला नव्हता. असं कुठल्याही दुकानात होतं.

"धनुष्य किती ओढत होतं?" तिने सवयीने विचारलं.

"साठ," सबनीस म्हणाले.

मी गप्प राहिलो असतो तर ते तिथेच मिटलं असतं. मागची खोली, ते टेबल, तो काटा, सगळं माझं झालं असतं, आणि ते मला सबनीसांनी दिलेलं असतं. ज्या माणसाची मी अडीच महिने टर उडवली, त्याने चिखलात उभं राहून माझ्या पदरात टाकलेलं. हे माझ्या गळी उतरेना. लोक याला प्रामाणिकपणा म्हणतील, म्हणोत. प्रामाणिकपणा वगैरे काही नव्हता. त्या माणसाचे उपकार घ्यायचे नव्हते, एवढंच.

"चव्वेचाळीस," मी म्हणालो.

अर्लीन हळूहळू उभी राहिली. "कधी मोजलंस?"

"बाण बनवायच्या आधी."

"त्याला सांगितलंस?"

"नाही."

 मग ते पातं रुमालात गुंडाळून तिने खिशात घातलं आणि सबनीसांना हरिणीचे मागचे पाय धरायला सांगितलं. मी पुढचे धरायला वाकलो तर म्हणाली, "तू राहू दे." एकाहत्तर वर्षांच्या त्या बाईने त्या हातांनी ती हरिणी ओढ्यापार ओढत नेली, आणि मी भाता घेऊन मागून चालत राहिलो.

हरिणी गाडीत चढवून झाल्यावर ती मला म्हणाली, "मी शिकार खात्यात हिची नोंद करून खाटकाकडे नेते. तू याच्या गाडीतून घरी जा." तिच्या शेजारची जागा रिकामी होती. "आणि सोमवारी थंडीच्या बुटांचा नवा माल येतोय. तो फळ्यांवर लावून घे."

पुढची चार वर्षं मी तिथे बूट विकले. मागच्या खोलीत तिने ओक्लेअरहून एक माणूस आणला. बरा होता, पिसं जरा तिरकी बसवायचा.

मी सबनीसांच्या गाडीत पुढे बसलो. त्यांनी सीटवर वर्तमानपत्र पसरलं होतं, माझ्यासाठीसुद्धा. मक्याची कापलेली शेतं दोन्ही बाजूंनी मागे जात होती. मी वाट बघत होतो की हा माणूस आता तोंड सोडेल. बूटविक्या म्हणेल, डिप्लोमावाला म्हणेल, आणि मग मलाही चार शब्द सुनावता येतील. मी शब्द जुळवूनसुद्धा ठेवले होते.

"चव्वेचाळीसचं साठ केलं असतं, तर गेला असता बाण आत?" त्यांनी विचारलं.

"गेला असता बहुतेक."

"आणि चव्वेचाळीसच ठेवून तू सांगत होतास ती पाती घेतली असती तर?"

"मघाशी बघितलंत की."

त्यांनी मान हलवली. गाडी चालवत राहिले. गावाची पाण्याची टाकी दिसायला लागली तेव्हा ते पुन्हा बोलले. आवाज चढवून नाही, विचारपूस करावी तसे.

"मी वागलो तुझ्याशी वाईट. कळतंय मला. माझ्यावर राग होता, तर मला चार शिव्या द्यायच्यास, घारगे. दुकानातून हाकलून द्यायचंस." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "त्या हरिणीनं तुझं काय घोडं मारलं होतं?"



"पुढच्या चौकात उजवीकडे घ्या," मी म्हणालो.